एका फेरीत एक काडतूस: अमेरिकेतील घरगुती 'रिलोडिंग' आणि प्रोग्रेसिव्ह प्रेस

रिकामी पुंगळी हा शब्द मराठी वाचकाला गुन्हेवृत्तांमुळे परिचित आहे. गोळीबार झालेल्या ठिकाणी पोलीस पंचनामा करतात आणि दोन-चार 'रिकाम्या पुंगळ्या' हस्तगत केल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी छापून येते. अमेरिकेत मात्र सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानांवर निवृत्त शिक्षक, अभियंते, शेतकरी अशी सर्वसामान्य माणसे वाकून याच पुंगळ्या वेचताना आणि पिशवीत भरून घरी नेताना दिसतात. घराच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात त्या स्वच्छ केल्या जातात, त्यांत नवी दारू आणि नवी गोळी बसवली जाते आणि त्या पुन्हा मैदानावर परततात. या उद्योगाला तेथे 'रिलोडिंग' असे म्हणतात.

पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या छंदाकडे गेल्या काही वर्षांत नव्याने लक्ष वेधले गेले, ते टंचाईमुळे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर बंदुकांवर निर्बंध येतील या धास्तीने अमेरिकेत काडतुसांची प्रचंड खरेदी झाली आणि २०१३ मध्ये दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोना महासाथीच्या काळात, त्याहून मोठी टंचाई निर्माण झाली. तयार काडतुसे मिळेनात तेव्हा अनेकांनी ती घरी भरण्याचा मार्ग धरला आणि काडतुसे भरण्याच्या यंत्रांसाठी ग्राहकांना महिनोन् महिने प्रतीक्षा करावी लागली. तथापि, यंत्र मिळाले तरी काडतुसाची टोपी म्हणजेच 'प्रायमर' बाजारात नव्हती, हा धडा अनेक नवशिक्यांना उशिरा मिळाला. घरी सर्व काही करता येते. टोपी मात्र कारखान्यातूनच यावी लागते.

काडतुसाची रचना

एका काडतुसात चार घटक असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बंदुकीचा चाप ओढल्यावर पिन टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्वाळा बुडाच्या छिद्रातून आत जाऊन दारू पेटवते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, टोपी निकामी होते. उरते ती पुंगळी, आणि काडतुसातील सर्वांत महाग घटक बहुधा तीच असते. पितळ लवचीक असल्याने दाबाखाली फुगलेली पुंगळी पुन्हा मूळ मापाला आणता येते. पिस्तुलाची एक पुंगळी काळजीपूर्वक वापरल्यास अनेकदा भरता येते.

मात्र प्रत्येक पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते आणि यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १८६० च्या दशकात टोपीच्या दोन पद्धती जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी एका साध्या पिनेने आतून ढकलून बाहेर काढता येते. अमेरिकी अधिकारी हायरम बर्डन यांच्या पद्धतीत दोन लहान छिद्रे बाजूला असतात आणि मधोमध उंचवटा असतो. तेथे ही पिन निरुपयोगी ठरते. पुढे ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकी माणसाची पद्धत युरोपात व अन्यत्र लष्करी काडतुसांसाठी पसरली. अमेरिकेत घरगुती रिलोडिंग फोफावले त्यामागे बॉक्सर यांच्या या एका छिद्राचा वाटा मोठा आहे.

पॉइंट टू-टू या लहान काडतुसाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात स्वतंत्र टोपीच नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि पिन त्या कडेवरच आदळते. कड एकदा चेपली की ती पुंगळी कायमची निकामी होते. त्यामुळे रायफल नेमबाजीच्या ज्या ऑलिम्पिक स्पर्धा भारतीय प्रेक्षक दूरचित्रवाणीवर पाहतो, त्यांचा रिलोडिंगशी संबंध येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तसेच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद पटकावले, ते याच कडेच्या काडतुसांवर. सेंटर फायर पिस्तुलाचे काडतूस मात्र पुन्हा भरण्याजोगे असते. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धेत ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती या प्रकारात.

एक दांडा, अनेक स्थानके

पुंगळी पुन्हा भरताना कामे ठरलेल्या क्रमाने होतात. प्रथम जुनी टोपी काढून पुंगळी मूळ मापाला आवळली जाते. नंतर नवी टोपी दाबून बसवली जाते. तोंड किंचित फुलवून त्यात मोजलेली दारू सोडली जाते. त्यावर गोळी ठेवून ती ठरलेल्या खोलीपर्यंत दाबली जाते आणि शेवटी फुलवलेले तोंड पुन्हा मिटवून गोळी पक्की केली जाते. प्रत्येक कामासाठी पोलादाचा स्वतंत्र साचा असतो. त्याला 'डाय' म्हणतात.

साध्या, म्हणजे सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसते. शंभर पुंगळ्यांवर पहिले काम करायचे, डाय बदलायची, मग त्याच शंभर पुंगळ्यांवर दुसरे काम करायचे, असा हा संथ प्रकार आहे. तासाला पन्नास ते शंभर काडतुसे तयार झाली तरी पुष्कळ. टरेट प्रेसमध्ये सर्व डाय एका फिरत्या माथ्यावर बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या बदलाव्या लागत नाहीत. परंतु दांड्याच्या एका फेरीत काम मात्र एकच होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसची रचना याच्या उलट आहे. येथे डाय स्थिर असतात आणि त्यांच्याखाली पुंगळ्या धरणारी गोल चकती फिरते. चकतीवर प्रत्येक स्थानकावर एक पुंगळी असते. दांडा खाली ओढला की सर्व पुंगळ्या एकाच वेळी आपापल्या डायमध्ये शिरतात. एकीची टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीत गोळी बसते, चौथीचे तोंड मिटते. दांडा परत नेला की नवी टोपी बसते, चकती एक घर पुढे सरकते आणि एक तयार काडतूस घरंगळत डब्यात पडते. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी जी साखळी अवजड यंत्रांवर चालते, तिचीच ही मेजावर मावणारी आवृत्ती होय.

अशा यंत्राची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील स्टार मशीन वर्क्सची प्रोग्रेसिव्ह यंत्रे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच पोलीस दलांच्या आणि नेमबाजी क्लबांच्या उपयोगात होती. ती उत्कृष्ट परंतु महाग होती. सामान्य नेमबाजाच्या घरात हे यंत्र पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने ॲरिझोना राज्यातील माइक डिलन यांना दिले जाते. स्टारच्या यंत्रांसाठी सुटे भाग बनवता बनवता त्यांनी स्वतःची यंत्रे काढली आणि १९८० च्या दशकात त्यांच्या कंपनीचे '५५०' हे यंत्र छंदिष्टांच्या घरोघरी दिसू लागले. डिलन यांचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यांच्या निळ्या रंगाच्या यंत्रांची लोकप्रियता मात्र कायम आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ली प्रिसिजनची लाल आणि नेब्रास्का राज्यातील हॉर्नडीचीही लाल यंत्रे, तसेच कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आरसीबीएसची हिरवी यंत्रे ही या बाजारातील अन्य परिचित नावे आहेत. 'निळे की लाल' हा वाद तेथील नेमबाजांत आपल्याकडील चहा-कॉफीच्या वादाइतक्याच गांभीर्याने घातला जातो.

कोणते यंत्र घ्यावे?

यंत्राची निवड करताना नवा ग्राहक तासाला किती काडतुसे निघतात हा आकडा प्रथम पाहतो. उत्पादकही तोच आकडा ठळकपणे सांगतात. चार स्थानकांचे '५५०' तासाला चारशे ते सहाशे, तर पाच स्थानकांचे '७५०' आठशे ते हजार काडतुसे देऊ शकते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात टोप्या नळीत भरणे, दारूचे वजन तपासणे आणि अडकलेली पुंगळी काढणे यांत बराच वेळ जातो, त्यामुळे हे आकडे अखंड दांडा ओढणाऱ्या काल्पनिक माणसाचे आहेत असे समजावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपण महिन्याला किती गोळ्या झाडतो हा आहे. शिकारीसाठी वर्षाला चाळीस-पन्नास रायफल काडतुसे लागणाऱ्या माणसाला प्रोग्रेसिव्ह यंत्राची गरज नाही. त्याला अचूकता हवी असते, आणि ती सिंगल स्टेज प्रेसवर प्रत्येक दाणा तोलून अधिक चांगली साधते. याउलट, व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारा पिस्तूलधारी सरावासह वर्षाला दहा हजारांहून अधिक गोळ्या सहज झाडतो. त्याच्यासाठी सिंगल स्टेज प्रेस म्हणजे दुसरी नोकरीच ठरेल.

या स्पर्धकांना रिलोडिंगचे आकर्षण असण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील या खेळाच्या नियमांत काडतुसाचा जोर एका साध्या गुणाकाराने मोजतात. गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग दर सेकंदाला फुटांमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला हजाराने भागायचे. कनिष्ठ गटासाठी हा अंक किमान १२५ लागतो, वरिष्ठ गटासाठी १६५. उदाहरणार्थ, १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट वेगाने गेली तर अंक १३० येतो. दुकानातील काडतूस बहुधा गरजेपेक्षा जोरकस असते आणि हाताला अधिक झटका देते. घरी भरणारा स्पर्धक मर्यादेच्या जरा वर थांबतो आणि पुढचा नेम लवकर धरतो.

चकती हाताने फिरवायची की आपोआप फिरणारी घ्यायची, हा निवडीतील खरा तिढा आहे. '५५०' मध्ये दांडा ओढून झाल्यावर चकती अंगठ्याने पुढे ढकलावी लागते. यंत्र साधे, दुरुस्तीला सोपे आणि शिकणाऱ्याला समजणारे. परंतु चकती फिरवण्याचा विसर पडला तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. आपोआप फिरणाऱ्या यंत्रांत ही चूक सहसा होत नाही, परंतु त्यांत सुटे भाग अधिक आणि काही बिघडल्यास एकाच वेळी पाच ठिकाणी पाहावे लागते. हॉर्नडीच्या यंत्रात चकती निम्मी वर जाताना आणि निम्मी खाली येताना सरकते, त्यामुळे झटका कमी बसतो आणि पुंगळीतील दारू सांडत नाही. स्थानकांची संख्याही पाहावी. चारऐवजी पाच स्थानके असल्यास दारूची पातळी तपासणारे एक साधन मध्ये बसवता येते, आणि केवळ या एका कारणासाठी पाचवे स्थानक पैसे मोजण्याजोगे आहे.

किमतीत मोठी तफावत आहे. तीन स्थानकांचे लीचे साधे यंत्र काही शे डॉलरमध्ये येते, तर आठ स्थानकांची यंत्रे दोन हजार डॉलरच्या घरात आणि पुढे जातात. विजेच्या मोटरीवर चालणारी यंत्रे त्याहून महाग आहेत. यंत्राच्या किमतीवर काटा, कॅलिपर, पुंगळ्या घासण्याचा टंबलर, डाय आणि प्रत्येक नव्या कॅलिबरसाठी लागणारी चकती यांचा खर्च असतो, तो विसरू नये. हा छंद पैसे वाचवतो का, या प्रश्नावर जुने रिलोडर हसून सांगतात की पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत अधिक गोळ्या झाडून होतात.

ज्याने कधीच काडतूस भरले नाही त्याने थेट प्रोग्रेसिव्ह यंत्रापासून प्रारंभ करावा की नाही, यावर मतभेद आहेत. तरीही एक मार्ग बहुतेकांना मान्य आहे. यंत्र घेतले तरी प्रारंभी चकतीवर एकच पुंगळी ठेवावी आणि ती पहिल्या स्थानकापासून शेवटच्या स्थानकापर्यंत एकटी न्यावी. कोणत्या स्थानकावर दांडा कसा लागतो, टोपी बसताना हाताला काय जाणवते, हे कळेपर्यंत चकती भरू नये. एखाद्या पुस्तकाची पाने उलटण्यापूर्वी बाराखडी गिरवावी, तसे हे आहे.

पुंगळ्या निवडण्याचे कामही यंत्राइतकेच महत्त्वाचे. मैदानावरून वेचलेल्या नऊ मिलिमीटरच्या ढिगात पॉइंट थ्री-एटी ऑटोच्या आखूड पुंगळ्या हमखास मिसळतात आणि घाईत त्या ओळखू येत नाहीत. पॉइंट फोर-फाइव्ह ऑटोच्या पुंगळ्या दोन प्रकारच्या निघू लागल्या आहेत, काहींना मोठी टोपी लागते तर काहींना लहान. चुकीची पुंगळी चकतीवर आली की यंत्र अडते. लष्करी पुंगळ्यांची टोपी कडेने ठोकून पक्की केलेली असते. ती कड साफ केल्याखेरीज नवी टोपी नीट बसत नाही. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइडच्या डायमुळे तेल लावावे लागत नाही. रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्यांना मात्र लावावेच लागते, अन्यथा पुंगळी डायमध्ये अशी रुतते की यंत्र बाजूला ठेवून हातोडी व पकड शोधावी लागते. शिवाय रायफलची पुंगळी प्रत्येक वेळी थोडी लांबते आणि ती कापून मापात आणावी लागते. त्यामुळे रायफल काडतुसांसाठी प्रोग्रेसिव्ह यंत्राचा लाभ पिस्तुलाइतका मिळत नाही.

दुप्पट दारू आणि शून्य दारू

या छंदातील खरा धोका भडका उडण्यापेक्षा मोजणीतील चुकीचा आहे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात साधारण चार ते सहा ग्रेन दारू असते. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड, त्यामुळे पाच ग्रेनच्या हिशेबाने एका पौंडात १,४०० काडतुसे भरतात. पाच ग्रेन म्हणजे ग्रॅमचा सुमारे एक-तृतीयांश भाग. एवढ्याशा दारूने निर्माण होणारा दाब अमेरिकी मानकानुसार या काडतुसात चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. वेगाने जळणाऱ्या काही दारू इतक्या कमी जागा व्यापतात की पुंगळीत दुप्पट दारू सहज मावते आणि वर गोळीही बसते. बाहेरून पाहता ते काडतूस इतरांसारखेच दिसते. चाप ओढल्यावर पिस्तूल हातात फुटू शकते.

शून्य दारूचे काडतूसही तितकेच घातक. त्यात केवळ टोपी उडते आणि तिच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज नेहमीपेक्षा मंद येतो. नेमबाजाने तो ओळखला नाही आणि पुढची गोळी झाडली, तर अडकलेल्या गोळीमागे दाब साठून नळी फुगते किंवा फाटते. म्हणून स्पर्धेत असा आवाज ऐकताच पंच तात्काळ 'थांबा' असा आदेश देतात.

दोन्ही चुकांचे मूळ बहुधा एकाच प्रसंगात असते. यंत्र मध्येच अडते. टोपी आडवी होते, पुंगळी वाकडी बसते, दांडा अर्ध्यावर थांबतो. माणूस दांडा पुढे-मागे हलवतो, एखादी पुंगळी काढतो, दुसरी लावतो आणि काम पुढे सुरू करतो. या गडबडीत कोणत्या पुंगळीत दारू पडली आणि कोणत्या पुंगळीत नाही, याचा हिशेब चुकतो. त्यावर उपाय एकच आहे आणि तो कठोरपणे पाळावा लागतो. यंत्र अडले की चकतीवरील सर्व पुंगळ्या उतरवाव्यात, पडलेली दारू रिकामी करावी आणि नव्याने प्रारंभ करावा. चार पुंगळ्यांचे नुकसान काही सेंटचे असते.

अनुभवी रिलोडर आणखी काही पथ्ये पाळतात. गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे हे त्यांतील पहिले. त्यासाठी यंत्राच्या माथ्यावर छोटा दिवा बसवला जातो आणि दारू पडल्यानंतरची पुंगळी बसल्या जागेवरून दिसेल अशी यंत्राची उंची ठेवली जाते. पाचव्या स्थानकावर दारूची पातळी तपासणारी डाय असेल तर ती चुकीच्या पातळीला घंटी वाजवते, किंवा दांडाच अडवून धरते. दारूची निवडही विचारपूर्वक केली जाते. जी दारू पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते ती घेतल्यास दुप्पट दारू पडताच बाहेर सांडते आणि चूक आपोआप उघडी पडते. नवशिक्यासाठी यापेक्षा स्वस्त विमा नाही.

यंत्रावरील दारूचे मापक वजनाने नव्हे तर आकारमानाने मोजते, हेही लक्षात ठेवावे लागते. गोल दाण्यांची दारू पाण्यासारखी वाहते आणि मापात अचूक पडते. लांबट काड्यांसारख्या दाण्यांची दारू अडकते, कचकन कापली जाते आणि माप कमी-जास्त होते. म्हणून प्रारंभीची दहा मापे तोलून फेकली जातात आणि पुढेही ठरावीक अंतराने एक माप काट्यावर ठेवले जाते. मेजावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, आणि काम संपल्यावर मापकातील दारू मूळ डब्यात परत जावी. दुसऱ्या दिवशी मापकात कोणती दारू आहे हे आठवत नसेल तर ती वापरायची नसते. दोन दारू दिसायला सारख्या आणि जळण्याच्या वेगात अगदी भिन्न असू शकतात.

किती दारू घालावी हे मनाने ठरवण्याची गोष्ट नाही. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या, तसेच लायमनसारख्या जुन्या संस्था चाचण्या करून तक्ते प्रसिद्ध करतात. त्यांतील कमाल मापापासून नव्हे तर प्रारंभीच्या मापापासून आरंभ करायचा असतो. काडतुसाची लांबीही तक्त्याप्रमाणे ठेवावी लागते, कारण गोळी थोडी जरी अधिक खोल बसली तरी आतील जागा कमी होऊन दाब झपाट्याने वाढतो. नऊ मिलिमीटर काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर आहे. तयार काडतूस पिस्तुलाच्या सुट्या केलेल्या नळीत टाकून ते 'टप्' असे पूर्ण बसते आणि उलटे केल्यावर आपोआप बाहेर पडते की नाही, ही तपासणी साधी आणि विश्वसनीय आहे.

घर, मुले आणि शिसे

धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर जोरात जळते, परंतु फुटत नाही. तीच दारू घट्ट झाकणाच्या पोलादी पेटीत ठेवली आणि आग लागली, तर ती पेटीच बॉम्ब ठरते. दारूचे मूळ डबे मुद्दाम कमी दाबाला उकलतील असे बनवलेले असतात. ते बदलू नयेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकानुसार घरात वीस पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंतच्या साठ्यासाठी किमान एक इंच जाडीच्या लाकडी कपाटाची अट आहे. टोप्यांची मर्यादा दहा हजार आहे. टोप्या दारूपेक्षा अधिक नाजूक असतात, कारण त्या आघातानेच पेट घेण्यासाठी बनवलेल्या असतात. यंत्राच्या नळीत शंभर टोप्या एकावर एक उभ्या असताना एखादी अडकली आणि माणसाने ती जोराने ढकलली, तर संपूर्ण नळी एकदम उडू शकते. या कारणास्तव चांगल्या यंत्रांत नळीभोवती पोलादी कवच असते, आणि संरक्षक चष्म्याशिवाय या मेजाजवळ कोणी बसू नये असा दंडक आहे.

सावकाश होणारी हानी मात्र शिशाची. टोपीतील मिश्रणात शिशाचे संयुग असते आणि झाडलेल्या पुंगळीत त्याची काजळी उरते. मक्याच्या कणसाच्या भुश्यात पुंगळ्या घासल्या की ती धूळ हवेत उडते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो हे निर्विवाद आहे. त्यामुळे हा टंबलर घराबाहेर ठेवणे, पाण्यात पुंगळ्या धुण्याची पद्धत स्वीकारणे, मेजापाशी खाणे-पिणे व धूम्रपान न करणे आणि काम संपताच साबणाने हात धुणे, हे नियम आहेत. मुद्रित मार्गदर्शिकांत या सूचना प्रारंभीच्या पानांवर असतात आणि ती पाने बहुधा न वाचताच उलटली जातात.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी ती बनवायची असल्यास मात्र १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली उत्पादकाचा परवाना आवश्यक आहे. घरी भरलेली काडतुसे मित्राला देण्याबाबत कायद्यापेक्षा शहाणपणाचा प्रश्न अधिक येतो. जुने रिलोडर इतरांनी भरलेले काडतूस आपल्या बंदुकीत घालत नाहीत.

भारतातील स्थिती

भारतात ही स्थिती पूर्णतः निराळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळ्याचे उत्पादन करता येत नाही, मग ते विक्रीसाठी नसले तरीही. बंदुकीचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनासाठी किमान सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. परदेशात स्थायिक असलेल्या नातेवाइकांकडून किंवा अमेरिकेतील वास्तव्यानंतर घरी परतताना अशी यंत्रे सोबत आणण्याचा विचार करणाऱ्यांनी याच अधिनियमाचे दुसरे कलम वाचणे आवश्यक आहे. त्यातील 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसांबरोबरच त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे.